तीस इंची गिटार आणि कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

श्रीधरभाऊ चुरी यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्क्रूड्रायव्हरवर फोन करत होते. हसू नका, मला खरंच तसं वाटलं. २०१४ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आपला पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि तलासरीजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. स्पीकरमधून असा काही घरघराट येत होता की पाहुण्यांचं भाषण ऐकू येईना. मी शाळेतली सगळ्यात नवी शिक्षिका, म्हणून मुख्याध्यापकांनी मलाच पिटाळलं, "धोडी बाई, जरा बघा तिकडे काय चाललंय." मी स्टेजमागे गेले, तर पांढरा शर्ट घातलेले एक उंच गृहस्थ उकिडवे बसलेले. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पीकरच्या खोक्यावर टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली आणि डोळे मिटलेले. मी चांगलीच तापले होते. म्हटलं, "अहो, तिकडे कार्यक्रमाचा विचका होतोय आणि तुम्ही काय करताय?" त्यांनी एक डोळा किलकिला करून बोट वर केलं. मग खोक्याच्या मागचा एकच स्क्रू अर्धा वेढा आवळला. घरघर थांबली! "झालं बाई," ते म्हणाले, "खोकं सांगत होतं, मी फक्त ऐकत होतो."

त्या दिवशी मी जी चाट पडले ती आजतागायत. यंदा भाऊंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'भाऊंचं सांगीतिक कार्य' असा भारदस्त विषय दिला आहे. मी मात्र एका गिटारचीच गोष्ट सांगणार आहे. भाऊंचं कार्य, त्यांचा स्वभाव, त्यांचा हट्ट आणि त्यांनी केलेली एक मोठी चूक, सगळं त्या एका गिटारमध्ये आलं आहे. चुकीबद्दल लिहू का, असं मी त्यांना आधीच विचारलं. ते म्हणाले, "लिहा ना. नुसतं गोड लिहिलंत तर कोणी वाचणार नाही."

ज्यांना भाऊ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाऊ मूळचे चिंचणीचे. तारापूरच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं फिटर म्हणून काढली. चालू मशीनच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि आतलं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते ओळखायचं, ही फिटर लोकांची जुनी रीत. नोकरी लवकर सोडून ते सरावलीला राहायला आले, तेव्हा तीच रीत त्यांनी घरामागच्या शेडमध्ये आणली. तिथे पाण्याचे पंप येतात, हार्मोनियम येतात, फाटक्या आवाजाचे स्पीकर येतात. आणि दर रविवारी तिथेच आमच्या वाद्यवृंदाची तालीम होते. डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या लग्नांत, नवरात्रात, शाळांच्या संमेलनांत आम्ही वाजवतो. मंडळ भाऊंचं, पण त्यांच्या तोंडून 'माझं मंडळ' असे शब्द मी कधी ऐकले नाहीत.

मी या मंडळात कशी आले, तेही मजेदार आहे. डी.एड. करताना वसतिगृहात मी थोडीफार गिटार शिकले होते. संमेलनानंतर चहा पिता पिता मी ते बोलून गेले. चार महिन्यांनी भाऊंचा फोन. बेस गिटार वाजवणारे गृहस्थ नोकरीसाठी सुरतेला गेले होते. "बाई, रविवारी या," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी गेले. भाऊंनी माझ्या गळ्यात ती भली मोठी चार तारांची गिटार अडकवली. माझी उंची चार फूट दहा इंच. गिटार मी धरली होती की गिटारने मला, हे बघणाऱ्यालाच ठाऊक! सगळे गालातल्या गालात हसत होते. मी चिडून सगळ्यात जाड तार छेडली, आणि बाई गं! तो आवाज कानांत आलाच नाही, थेट पोटात गेला. माझे मोठे काका कैनाडला तारपा, म्हणजे भोपळ्याचं लांबलचक फुंकवाद्य, वाजवतात. लहानपणी त्यांच्या तारप्यामागे फेर धरून नाचताना पायांखालची जमीन जशी हलायची, तशी शेडची फरशी हलली. मी त्याच क्षणी ठरवलं, हे वाद्य माझं!

तेव्हापासून दोन वर्षं मी नुसती उडत होते. भाऊंनी माझ्यासाठी तालमीची वेळ बदलली, कारण तलासरीची शेवटची जीप चुकली की माझी पंचाईत. याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. पुढे एकदा तबलेवाल्यांनी, "भाऊ, ऐन दुपारी तालीम? जेवण अंगावर येतं हो," अशी कुरकुर केली, तेव्हा मला कळलं. भाऊंच्या पत्नी शरयूवहिनी दर रविवारी मला जेवल्याशिवाय हलू देत नसत. थंडीत त्यांनी केलेली कंद-भाज्यांची उकडहंडी आणि वर वाडीतले चिकू खाऊन मी जी बसायचे, की जाड तारेचा आवाज आधी पोटातून आणि मग स्पीकरमधून यायचा.

भाऊंचा एक दंडक होता. प्रत्येक कार्यक्रमात प्रत्येक वादकाने एक गाणं सोडायचं, मैदानाच्या शेवटच्या टोकाला जायचं आणि तिथून ऐकायचं. चिंचणीला वाजवत असू तर पार सुरूच्या झाडांपर्यंत चालत जायचं. "स्पीकरजवळ सगळंच जोरदार वाटतं," ते म्हणत. "लांब काय पोचतं तेवढंच आपलं." सुरुवातीला मला हा जाच वाटायचा. एकदा सुरूच्या झाडाखाली उभी राहिले आणि कळलं की समुद्राच्या वाऱ्यात गाणं, बासरी, की-बोर्ड सगळं विरून जातं. उरतो फक्त बेस, आणि तोही भरदार असला तरच.

आणि मग २०१७चा उन्हाळा आला. माझं डावं मनगट दुखायला लागलं. आधी दुर्लक्ष केलं, मग तेल चोळलं, मग फडक्याची पट्टी बांधली. एके दिवशी शाळेत वह्यांचा गठ्ठा उचलला आणि हातातून खाली सुटला. डहाणूच्या डॉक्टरांनी हात दाबून, वळवून पाहिला. मी काय करते ते विचारलं. गिटारचं सांगितल्यावर त्यांनी मला ती धरून दाखवायला लावलं. मी हवेत हात पसरला. ते म्हणाले, "बाई, तुमचा हात एवढासा, आणि तुम्ही त्याला एवढं ताणताय. हे बंद करा. नाहीतर मनगट कायमचं जाईल."

मी जीपमध्ये बसून रडले. चारचौघांत, हो! शेजारच्या मावशींनी मला पदराच्या गाठीतली लवंग दिली आणि "माहेरी कोन गेला का?" असं विचारलं. त्यांना काय सांगू की माझं वाद्य जातंय?

रविवारी तालमीत मी हे सांगितलं. आमचे की-बोर्डवाले सतीशराव स्वभावाने अगदी सज्जन. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? बेस मी डाव्या हाताने की-बोर्डवर मारतो. आजकाल सगळे तेच करतात. धोडी बाई टाळ घेतील, कोरसला उभ्या राहतील." बोलण्यात वाकडं काहीच नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. टाळ! पोटात वाजणारं वाद्य सोडून मी टाळ घ्यायचा!

भाऊ नेहमीप्रमाणे स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "बाईंचा हात बदलता येत नाही. गिटार बदलू." मग त्यांनी चक्क फिटरची पट्टी काढली आणि आमची गिटार मोजली. तार जिथून सुरू होते त्या पट्टीपासून ती जिथे टेकते त्या घोडीपर्यंत चौतीस इंच. "तीस इंची येते," ते म्हणाले. "चार इंच कमी म्हणजे बोटं दाबायचे पडदे जवळ जवळ. बाईंना हात ताणायला नको." एकदोघे हसले. कोणीतरी म्हणालं, "लहान मुलांची खेळण्यातली का, भाऊ?" सतीशराव म्हणाले, "तार आखूड म्हणजे ढिली, ढिली म्हणजे आवाज लुळा. उघड्या मैदानात टिकायची नाही." हेही खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं की दिवाळीत कैनाडला, म्हणजे माझ्याच गावात, कार्यक्रम आहे. तिथे तीस इंची गिटार मैदानाच्या टोकापर्यंत भरदार पोचली, तर बेस माझा. नाहीतर सतीशरावांचा डावा हात. मी मान हलवली.

गणपतीच्या सुट्टीत भाऊ आणि मी मुंबईला एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात गेलो. काय तो थाट! भिंतभर गिटारी टांगलेल्या. आखूड बेस तीन होत्या. एक लालभडक, चकचकीत, आणि वजनाला अशी हलकी की मी पाहताक्षणीच तिच्यावर भाळले. दुसरी आतून पोकळ, काळी. तिसरी तपकिरी, आमच्या शाळेच्या टेबलासारखी, आणि चांगली जड. दुकानदारांनी लाल गिटार एका कपाटाएवढ्या स्पीकरला जोडली. मी तार छेडली आणि दुकानाच्या काचा थरथरल्या! मी म्हटलं, "भाऊ, हीच!"

भाऊ म्हणाले, "स्पीकर बंद करा."

दुकानदारांना वाटलं आवाज जास्त झाला. "कमी करतो ना, काका."

"कमी नको. बंदच करा." आणि भाऊंनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. दुकानदारांची पाचावर धारण बसली. "काका, खोलायची नाही हां गिटार! नवीन माल आहे!" भाऊंनी त्यांना समजावलं, टोकावर रुमालाची घडी घातली, ते गिटारच्या लाकडाला हळूच टेकवलं आणि मूठ कानाला लावली. "बाई, जाड तार मोकळी छेडा. आणि मी हात वर करेपर्यंत आकडे मोजा."

लाल गिटारवर मी सहा मोजले आणि हात वर झाला. पोकळ काळीवर पाच. पण तपकिरीवर मी मोजते आहे, मोजते आहे, भाऊ डोळे मिटून बसले आहेत, दुकानदारही आता माझ्याबरोबर मोजू लागले आहेत, आणि तेराला हात वर झाला! भाऊंनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. "हिचं लाकूड तार सोडत नाही. मान घट्ट बसवलीय, घोडी भरीव आहे. तार आखूड असली म्हणून काय झालं, मागे उभं राहणारं लाकूड पाहिजे."

मग त्यांनी मला प्रत्येक पडद्यावर जाड तार दाबायला लावली, कुठे आवाज मरतो का ते पाहायला. लाल गिटारच्या वरच्या दोन पडद्यांवर तो चक्क मेला. मला तिच्याकडे बघवेना. शेवटी स्पीकर चालू करायला सांगून भाऊ स्वतः दुकानाबाहेर गेले. भर रहदारीचा रस्ता ओलांडून समोरच्या बंद दुकानाच्या शटरवर हात टेकवून उभे राहिले आणि तिथून मला खुणा करू लागले. हा माणूस गिऱ्हाईक आहे की पळून चाललाय, असे भाव दुकानदारांच्या तोंडावर. मी तपकिरी गिटार वाजवली. पलीकडून भाऊंनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. माझं मनगट? त्याची मला आठवणही झाली नव्हती! पडदे इतके जवळ की बोटं आपसूक पडत होती. येताना ती गिटार मी डहाणूपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

आता चुकीबद्दल. भाऊंना वस्तू टाकवत नाही. शेडमध्ये पत्र्याच्या डब्यात चौतीस इंची गिटारच्या कोऱ्या, जाड तारांचा एक संच पडून होता. भाऊंचं गणित असं, की आखूड गिटारला तार ढिली पडते, तेव्हा जास्त जाड तार घाला म्हणजे ती ताठ राहील. गणित बरोबर. पण तार लांब होती. मग फिटरने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. केबल मापाला कापतात तशी पकडीने तार कट्‌कन कापली आणि खुंटीला गुंडाळली. मला तर ती टेचदार दिसली. भाऊंनी केलंय म्हणजे त्यात बघायचं काय!

नवरात्रात डहाणूला गरब्याचा कार्यक्रम होता. नवी गिटार पहिल्यांदा लोकांसमोर. संध्याकाळची वेळ, घागऱ्यांची गर्दी, मी नवा कुर्ता घातलेला. पहिला गरबा झकास गेला. दुसऱ्यात जाड तार उतरायला लागली. मी खुंटी पिळते, ती परत उतरते. तिसऱ्यात तिचा आवाज भिजलेल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा झाला, भप्प, भप्प, आणि नंतर तोही नाही. नाचणाऱ्यांचे पाय विस्कटले. आयोजक आले आणि म्हणाले, "बेन, आ शुं थयुं? गरबो तो बेसी गयो!" बाई, हे काय झालं, गरबाच बसला, म्हणे. सतीशरावांनी डाव्या हाताने बेस धरला आणि कार्यक्रम सावरला. मी गिटार गळ्यात घेऊन नुसती उभी होते, तोंडात मारल्यासारखी. परत येताना टेम्पोत कोणीतरी म्हणालं, "लहान गिटार, लहान आवाज." मला वाटलं, संपलं सगळं.

तिसऱ्या दिवशी मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते, तर दारात भाऊ! सरावलीहून तलासरीला, कामाच्या दिवशी, हातात ती कापलेली तार घेऊन. मुलं उठून उभी राहिली. भाऊंनी मुलांना विचारलं, "तुम्ही चुकलात की तुमच्या बाई काय करायला लावतात?" मुलं एका सुरात ओरडली, "परत करायला!" भाऊ म्हणाले, "मग मी परत करतो. माझं गणित चुकलं आणि बोलणी बाईंनी खाल्ली."

आणि त्यांनी फळ्याजवळ उभं राहून, मुलांसमोर, मला समजावून सांगितलं. बेसची जाड तार म्हणजे मध्ये एक पोलादी सळी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली दुसरी तार. ती आधी वाकवून पक्की न करता सरळ कापली, की वरची गुंडाळी आतल्या आत सुटते आणि तार मरते. शिवाय आखूड गिटारच्या तारा वेगळ्याच येतात. त्यांचं टोक खुंटीजवळ बारीक होत जातं, म्हणजे खुंटीभोवती जाड भाग चढत नाही. त्यांनी वहिनींना दुकानदारांकडे फोन करायला लावून हे विचारून घेतलं होतं. "रात्रभर जिवाला चैन नव्हती. सकाळी स्क्रूड्रायव्हर लावला तर तारेच्या आत गुंडाळी कट्‌कट सरकताना ऐकू आली. गिटार चांगलीच आहे, बाई. माझी फिटरकी आडवी आली." रविवारी हेच त्यांनी सगळ्या मंडळासमोर सांगितलं, आणि सतीशरावांकडे वळून म्हणाले, "तुम्ही सावरलंत म्हणून इज्जत राहिली." मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली आहेत. आपली चूक घेऊन चौथीच्या वर्गात येणारं माणूस मी एकच पाहिलं.

नव्या तारा आल्या. आखूड गिटारच्याच, पण त्यांतल्या सगळ्यात जाड. भाऊंनी त्या चढवल्या, आवाज पकडणारी पट्टी तारांच्या जरा जवळ उचलली, मानेचा बाक चाव्या फिरवून थोडा सरळ केला. मी छेडली. शेडच्या पत्र्यावर बसलेले कावळे उडाले!

आणि मग कैनाड. भात कापून झालं होतं, खळं सारवून लखलखीत होतं. दिवस कलला होता. मोठे काका, म्हणजे लखमाकाका, तारपा घेऊन आले. आधी तारप्याचा फेर आणि खालून आमचा बेस, असं ठरलं होतं. काकांनी माझ्या गिटारकडे पाहून नाक मुरडलं. "यवडीशी? हा डब्यावानी वाजला तं मी तारपा उचलून घरी जाईन, सांगून ठेवतो." सख्खा काका, पण भीड म्हणून नाही! भाऊंनी बेसचा स्पीकर स्टँडवरून उतरवून थेट खळ्याच्या जमिनीवर ठेवला. मग त्यांनी चपला काढल्या, मला हाताने 'चालू द्या' अशी खूण केली आणि शेताच्या बांधावरून अनवाणी चालत पार विहिरीपाशी गेले. सतीशराव की-बोर्डवर बोटं ठेवून तयार होते.

काकांनी तारपा फुंकला. फेर सुरू झाला. मी दोन वेढे थांबले, श्वास घेतला आणि जाड तार छेडली.

अहो, काय आवाज आला तो! गोल, भरगच्च, जमिनीतून उगवल्यासारखा. फेरातल्या बायकांनी एकदम खाली पाहिलं आणि पुढच्या ठोक्याला सगळ्यांचे पाय एकत्र पडले. थाड! पुन्हा थाड! मी वाजवत होते आणि मनगट दुखत नव्हतं, बोटं नाचत होती, आणि मी मोठमोठ्याने हसत होते. सतीशरावांनी की-बोर्डवरचा डावा हात उचलला, मला दाखवला आणि चक्क खिशात घातला! लखमाकाका तारपा वाजवत वाजवत माझ्यासमोर आले. ते वाजवताना कधी थांबत नाहीत. त्या दिवशी एक श्वास थांबले आणि ओरडले, "मना पायाला लागला! पोरी, सोडू नको!" विहिरीपाशी भाऊ दोन्ही हात वर करून उभे होते. त्या संध्याकाळपासून आजपर्यंत आमच्या मंडळाचा बेस माझ्याकडे आहे.

गोष्ट इथे संपली असती. पण पुढच्या वर्षी एका रविवारी मी शेडमध्ये लवकर पोचले. भाऊ पाठमोरे काम करत होते. मी हाक मारली. परत मारली. पाचव्या हाकेलाही ते वळले नाहीत. मागून शरयूवहिनी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "खांद्याला हात लाव गं. त्यांना ऐकू येत नाही. कारखान्यानं कान नेले. नोकरी का सोडली असं वाटतं तुला? समोर असलं की ओठांवरून ओळखतात. गाणाऱ्यांचे वरचे सूर जातातच, तारपासुद्धा कुठेतरी लांब वाजल्यासारखा येतो. तुझा बेस तेवढा अख्खा येतो. पायांतून, हातांतून, त्या स्क्रूड्रायव्हरातून."

मी तिथेच खाली बसले. खोक्यावर कायम ठेवलेला तो तळहात, दुकानाच्या शटरवर टेकवलेला हात, कैनाडला काढलेल्या चपला, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी मात्र त्याला भाऊंची लकब समजत होते! मला भडभडून आलं. भाऊ वळले, माझं तोंड पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि समजले. ते हसले. "सांगितलंन् वाटतं हिनं? बाई, खरं सांगू? तुम्हाला सोडलं नाही त्यात माझा स्वार्थ होता. सतीशरावांचा बेस उत्तम, पण की-बोर्डला लाकूड कुठे असतं? मी स्क्रूड्रायव्हर लावायचा कुठे?"

हे छापू का, असंही मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "छापा. मशीन झिजतं, त्यात लाजायचं काय?"

तर मंडळी, भाऊंच्या साठीच्या समारंभाला आपण सगळे जमणार आहोत. शाली येतील, नारळ येतील, भाषणं होतील. भाऊ पहिल्या रांगेत बसून सगळ्यांकडे बघून हसतील आणि त्यांना त्यातलं निम्मंही ऐकू येणार नाही, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी भाषण करणार नाही. संपादकांनी रागावू नये.

भाऊ, तुमचे हातपाय असेच धडधाकट राहोत. वहिनींच्या हातचं तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं पचो. तुमच्या शेडमध्ये बिघडलेल्या वस्तूंची रांग कधी न संपो. पंचाहत्तरी आम्ही कैनाडच्या खळ्यावर करू, आणि लखमाकाकांनी शंभरीचंही आतापासून कबूल केलं आहे. समारंभाचं स्टेज लाकडी फळ्यांचं घ्या, असं मी मांडववाल्यांना बजावून ठेवलं आहे. बेसचा स्पीकर थेट फळ्यांवर ठेवणार आहे, तुमच्या खुर्चीजवळ. भाषणांच्या वेळी खुशाल डुलकी काढा. तपकिरी गिटार गळ्यात घालून मी उभी राहिलेली दिसले की मात्र एवढंच करा, भाऊ, चपला काढा.